म्हशींच्या भावाचं टेबल

२ एप्रिल
माझ्या माउसपॅडवर बायकोनं, अश्विनीनं, उकळत्या आमटीचं पातेलं ठेवलं. शास्त्राची अशी विटंबना नालंदेनंतर प्रथमच. निषेध मनातच नोंदवला. आमटी बरी होती.
हेडमास्तर म्हणाले, जूनपासून संस्कृतची तुकडी बंद. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे मीही बंद. घरी सांगण्याची घाई नाही. तोवर घोडेगाव बाजारातल्या म्हशींच्या भावाचा डेटाबेस विकून मोकळा होईन.

३ एप्रिल
टेबलं दोन. एकात म्हैस, दुसऱ्यात भाव. भाव बदलला तरी जुना पुसायचा नाही. त्याला ‘पर्यंत’ची तारीख द्यायची आणि खाली नवी ओळ. सूत्रासारखं आटोपशीर. भावाचा रकाना रिकामा चालणार नाही, असा कडक नियमही घातला. शिस्त हवी.

४ एप्रिल, शुक्रवार
बाजार. भाव कुणी बोलतच नाही. रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबतात, सौदा होतो. आमच्या गल्लीतले दलाल काकासाहेब, त्यांना आकडा विचारला. म्हणाले, गुरुजी, भाव बोटाला म्हाईत असतोय, तोंडाला न्हाई.
एकही ओळ भरता आली नाही. माझाच नियम, कॉम्प्युटरनं तंतोतंत पाळला. अश्विनी म्हणाली, चला, घरात तुमचं ऐकणारं कुणीतरी निघालं.

११ एप्रिल, शुक्रवार, सकाळी
युक्ती सापडली. गिऱ्हाईक बनून हात रुमालाखाली घालायचा, भाव कळला की काढून घ्यायचा.

संध्याकाळी
काकासाहेबांनी बोटं दाबली. काही बोध झाला नाही. सौजन्य म्हणून मी त्यांचा पंजा घट्ट धरून हलवला. हा होकार असतो, असं कोणत्याही शास्त्रात नाही. म्हशीच्या कपाळाला गुलाल लागला. बाजारात दिलेला हात मागं घेत न्हाईत, असं काकासाहेब फार प्रेमानं म्हणाले.
पैसे मोजताना भाव कळला, टेबलात पहिली ओळ पडली. प्रकल्पाचा शुभारंभ झाला, असंच म्हणायला हवं.

१२ एप्रिल
म्हैस फाटकाला बांधली. अश्विनी शेजारच्या छबूबाईंना सांगत होती, ह्यांनी सॅम्पल आणलंय.

१८ एप्रिल, शुक्रवार
विकायला नेली. तीच म्हैस, तोच रुमाल, बोटं निम्मी. काकासाहेब म्हणाले, दात बघितलं हुतं का गुरुजी? लई म्हातारी हाय. आता ठिवा घरीच.
म्हैस आणि मी, दोघं चालत परत आलो. दुसरी ओळ भरली नाही.

२० एप्रिल
अश्विनीनं बाजारातून माझ्यासाठी नवा डबा आणला. जुन्याचं झाकण बसत नाही, जूनला शाळा उघडेल तेव्हा होईल, म्हणाली. छान आहे, म्हणालो.
डेटाबेस कुणी घेणार नाही. जूनमध्ये हा डबा घेऊन कुठं जायचं, मला माहीत नाही. भीती वाटते.