दादाच्या प्रोग्रामसाठी मागे नेलेली तारीख

बाबा, दुकानातल्या तुमच्या नव्या कॉम्प्युटरवर दादा गेला त्याच्या आधीचं साल का आहे? हे विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तुम्ही मला घरचा भोंगा म्हणता, पण काल हा भोंगा तुमच्यासमोर वाजलाच नाही!

मग मीच शोधलं, आणि ते या चिठ्ठीत लिहितेय. आपल्या औषधांच्या दुकानासाठी दादाने केलेला जुना प्रोग्राम तारीख मागे नेली तरच उघडतो, आणि उघडताना 'बाबा, जेवलात का?' असं विचारतो. पण मागे नेलेल्या तारखेमुळे कुठल्या गोळ्यांची मुदत संपली, हे त्याला आता कळत नाही. तुम्ही त्याच्यावर विसंबता, गोळ्यांच्या पट्टीवरची तारीख बघत नाही. शेजारच्या काकूंनी आपल्याच दुकानातून नेलेल्या हृदयाच्या गोळ्यांची रिकामी पट्टी मी पाहिली. मुदत केव्हाच उलटली होती. काकू अतिदक्षता विभागात आहेत आणि गोळ्या चालू असून असं कसं झालं, हे डॉक्टरांना कळत नाहीये.

आई, "बाबांना त्याचं तेवढंच उरलंय" असं म्हणू नकोस. मलाही तेवढंच उरलंय गं. प्रोग्राम मी पुसलेला नाही, पण तारीख आजची केलीय, त्यामुळे तो उघडणार नाही. आज दुकानही उघडू नका, आधी सगळ्या पट्ट्या तपासा.

मी शाळेत जात नाहीये. हॉस्पिटलमध्ये जाऊन डॉक्टरांना सगळं खरं सांगणार आहे, तुम्ही दोघं माझ्याशी बोलायचं थांबलात तरी.