कपाट नको, कंप्युटर

३ फेब्रुवारी, सोमवार

वहीबाई, परवा काय सांगितलं, आठवतंय का? न्हाई ना! तुझं बरंय, पान उलटलं की तू मोकळी. मला अक्षर येत न्हाई, म्हणून सगळं डोक्यातच ठेवावं लागतं. मी बोलते, नात शीतल लिहिते. लिहिणारीनं मधी तोंड घालायचं न्हाई, असं ठरलंय. घालतीच!

एप्रिलात तिचं लग्न, शहागडच्या भागवतशी. आंदणात कपाट-पलंग देऊ म्हणलं, तर म्हणती, "आजी, कपाट नको. कंप्युटर दे." गावोगावच्या लग्नांच्या शूटिंग हिच्याकडं येतात, ही कापून-जोडून त्यांचा सिनेमा करती. आताचं यंत्र म्हातारं. नवरी स्टेजवर चढली की हँग! सासरी काम चालू ठेवायचं तर नवं पाहिजे. बराबर आहे. देऊ म्हणलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

जुन्या जालन्यात अतिकच्या दुकानात गेल्तो. मला वाटलं, बोट दाखवायचं अन् उचलायचं. छे! डबा वेगळा, पंखा वेगळा, आतली पाटी वेगळी. अतिक म्हणला, "आजी, हे ग्राफिक कार्ड, गेमचा जीव ह्याच्यात. ही रॅम अन् ही डिस्क, एडिटिंगचा जीव ह्यांच्यात. कोणाला किती, तुम्ही सांगा."

शीतलनं रॅम अन् डिस्क मोठी घेतली, कार्ड मधलं. जोडून शहागडला पोचता करतो म्हणला. तीन तास गेले! बैल घ्यायला एवढा वेळ लागत न्हाई — तिथं निदान दात तरी दिसतात.

६ फेब्रुवारी

शेजारची सगुणाबाई: "आंदणात कंप्युटर? कोणत्या कंपनीचा?"

शीतल म्हणली, "नऊ कंपन्यांचा."

घ्या! आता मांडवात आंदण मांडलं की बायकांना काय सांगायचं? फ्रीज असता तर एका नावात काम झालं असतं.

८ फेब्रुवारी, शनिवार

अतिकचा फोन. यादी बदलली. कोणी? "तुमच्या होणाऱ्या जावयानं." रॅम अर्धी, डिस्क अर्धी, कार्ड दुप्पट. डब्याला काच, आत रंगीत दिवे! गणपती बसवायचाय का त्यात? भागवत लढाईचे गेम खेळतो म्हणे. खेळ बाबा. पण पोरीच्या पोटाला चिमटा काढून?

शीतलनं पहिली यादी परत लावायला सांगितली.

१० फेब्रुवारी

परत बदलली!!

मंग मीच फोन लावायला सांगितला. "जावईबापू, कंप्युटर कोणाचा?"

"दोघांचाच की, आजी."

"मंग रॅम का कापली?"

हसला. "लग्न झाल्यावर शीतलला कुठं एवढं काम करायचंय? घरचं बघून हौस म्हणून करील थोडंफार. तेवढ्याला अर्धी बास आहे."

मला कमी ऐकू येतं, म्हणून फोन मोठ्या आवाजावर असतो. शीतल समोरच मेथी निवडत बसल्ती.

हे लिहिताना तिचा पेन थांबला. मी म्हणलं, लिही. बोलणं माझं आहे, तुझा फक्त हात. लिहिलं तिनं. अक्षर कसं आलंय ते मला कळत न्हाई. पण पानाच्या मागून बोट फिरवलं तर एकूण एक ओळ हाताला लागती.

११ फेब्रुवारी

अर्धा तास शीतल भागवतशी फोनवर बोलली, अंगणात उभी राहून. आत आली. सरळ कुकर लावला. वैताग आहे नुसता! एवढी माणसं घरात अन् बोलायला फक्त कुकर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

शीतलनं अतिकला यादी दिली. पहिलीच, जशीच्या तशी. माल शहागडला न्हाई, कुंभार पिंपळगावला टाका म्हणली, आमच्या घरी. अतिकनं दोनदा विचारलं म्हणे.

सुरेखा, हिची आई, सकाळपासून डोळे पुसून राह्यली. मी म्हणलं, रड, पण हात चालू ठेव. साखरपुड्याला त्यांच्याकडून पेढ्यांचा डबा आल्ता, तो आज परत जाईल. आपल्यात रिकामा डबा पाठवत न्हाईत. ठेचा भर. लवंगी मिरचीचा, काठोकाठ.