रुपयाएवढी गॅप

२ एप्रिल
आजपासून रोज लिहायचं. बदला शिस्तीत घ्यायचा असतो.

गेल्या वर्षी माझ्या बहिणीच्या, हंसाबाईच्या मुलीची पाठवणी. आमच्यात नवरी पूर्वी बैलावर उभी राहून हवेली, म्हणजे निरोपाचं गाणं गायची, आता गाडीच्या मागच्या डाल्यात उभी राहते. गाणं संपलं की गाडी हलली पाहिजे. माझा छोटा हत्ती हलला नाही. साडू भीमराजने त्याचा पुढे घेतला, पोरीला उतरवून त्यात चढवलं. तांड्याचे प्रमुख नाईकबाबा चिडले. यापुढे चढलेली नवरी उतरवायची नाही, असं ठरवून टाकलं.

तांड्यात अजून म्हणतात, "हिरासिंगची गाडी गानं आयकत बसते."

या महिन्यात माझ्या पोरीचं, पुष्पाचं लग्न. ती माझ्याच गाडीतून जाणार. भीमराज मागून कपाट-पलंग आणेल. सगळ्यांदेखत.

५ एप्रिल
रोज लिहिणं जमलं नाही. विचार चालू होता.

दोष प्लगचाच. बाभुळगावला गेलो. स्पेअरपार्टच्या दुकानावर फरीदाभाभी होत्या. सगळ्यात दणकट प्लग मागितला. म्हणाल्या, "दणकट काहून? गाडीचा जो नंबर हाय तोच लागते." बरं, त्याच नंबरचे दोन घेतले. शेजारी त्यांचे मिस्त्री, मोहिउद्दीन, आरीचं पातं घालून कुणाच्या तरी प्लगची गॅप बघत होते. पातं जेमतेम जाईल एवढीच. ठिणगीला जागाच ठेवत नाही हा माणूस. आणि भीमराज त्याचं जुनं गिऱ्हाईक. आलं लक्षात.

६ एप्रिल, सकाळी
दोन्ही नव्या प्लगची गॅप स्वतः केली, बसवले. मापाला रुपयाचं नाणं. मोठी गॅप, मोठी ठिणगी.

६ एप्रिल, दुपारी
चढावर झटके. पेट्रोलात पाणी असणार.

९ एप्रिल
पेट्रोल बदललं. तरी झटके. गरम झाली की चालूच होत नाही. इंजिनाला एवढी ठिणगी पेलत नाही, त्याला मी काय करू? जुने प्लग पुसून लावले. आता अर्ध्या चावीत चालू. पुसण्यात माझा हात चांगला आहे.

१३ एप्रिल
शिकार घरी चालून आली. भीमराज म्हणाला, "साडूभाऊ, माह्ये प्लग पार काळे पडले. लग्नाच्या गडबडीत आनाले जमून नाही राह्यलं. तुमच्यापाशी हायेत का?"

नाण्याच्या मापाचे दोन्ही हसत दिले. नवे आहेत, लग्नाच्या सकाळीच बसवा, असंही सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. मला अजिबात वाईट वाटलं नाही. जेवण चार घास जास्त गेलं.

१८ एप्रिल
गाडी धुतली. झेंडूच्या माळा लावल्या. उद्या बघाच.

१९ एप्रिल, सकाळी
बायको, रुक्माबाई म्हणते, "पुष्पा भीमराजच्या गाडीत जाईन. तुमच्या गाडीचा भरोसा नाही." माळासुद्धा काढून तिकडे नेल्या. भीमराज मांडवभर सांगत फिरतोय, साडूनं सोताचे नवे प्लग देल्ले. लोक येऊन माझा हात हातात घेतात. मी खरं सांगणारच आहे. तोंड उघडलं की कुणीतरी पेढा घालतं.

१९ एप्रिल, संध्याकाळी
पुष्पा डाल्यात उभी राहिली. हवेली गायली. बापाचा तांडा सुखात राहो, म्हणाली. गाडी चालू झाली नाही. तिने पहिल्यापासून म्हटलं. मग पुन्हा. तिचा आवाज बसला. रडणाऱ्या बाया रडायच्या थांबून इंजिनाकडे बघू लागल्या.

मी म्हटलं, माझी तयार आहे. नाईकबाबा म्हणाले, "चढलेली नवरी उतरत नाही. मांगच्या वर्षी तुह्याच पायी ठरलं हे."

भीमराज सीट उचलून इंजिनात डोकावत म्हणाला, "प्लग तं नवे हायेत, साडूचे."

पुष्पाने वरून माझ्याकडे पाहिलं. तिला माझा चेहरा लहानपणापासून वाचता येतो. गाणं सोडून म्हणाली, "बा, ढकला."

ढकललं. तांड्याच्या उतारापर्यंत एकट्याने ढकललं, कुणी हात लावला नाही. उतारावर गाडी चालू झाली आणि झटके खात गेली. प्रत्येक झटक्याला पुष्पा डाल्याची कड धरत होती. मागे वळून पाहिलं नाही तिने.

घरी आलो. माझी गाडी अर्ध्या चावीत चालू झाली. बराच वेळ तशीच चालू ठेवली.