पब्लिसाइज

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुम्ही शिकवलेलं एक इंग्रजी क्रियापद मला आत्ता, इथे परदेशात, तोआ पायोहमध्ये, उपयोगी पडलं. आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मी दर रविवारी मराठीचा वर्ग घेते. दोनच मुलं उरली होती. आणखी कुणी आलं नाही तर वर्ग बंद करावा लागणार होता आणि माझा जीव तुटत होता. शेवटी इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर निरोप टाकला: 'छोटासा प्रयत्न आहे, विशेष काही नाही, जमलंच तर या.' कुणी फिरकलं नाही. लेकीने तो वाचला आणि इथल्या इंग्रजीच्या ढंगात म्हणाली, "आई, यू आर टेलिंग देम डोन्ट कम, लाह." राग आला, पण कार्टी खरं बोलत होती. आपल्यात असंच बोलतात ना, ताटभर पदार्थ करायचे आणि 'साधंच आहे हो' म्हणायचं.

मग तुमचा आठवीचा वर्ग आठवला. शाळेचं नाटक बसलंय. तुम्ही फळ्यावर 'पब्लिसाइज' लिहिता आणि अर्थ न सांगता आम्हाला थेट बाजारपेठेत पिटाळता. मी कापडाच्या दुकानात पुटपुटते, "आमचं एक नाटक आहे, तसं लहानच आहे." तुम्ही नेमक्या मागे उभ्या. "अगं, तूच असं तोंड पाडून सांगितलंस तर कोण येईल? पब्लिसाइज म्हणजे ज्यांना हवंय त्यांच्या कानावर घालणं. स्वतःची टिमकी वाजवायला नाही सांगितलं तुला. काय आहे, कधी आहे, का यावं, नीट सांग." दुकानदारासमोर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला.

या वेळी नीट सांगितलं. 'रविवारी सकाळी मुलं इथे मराठीत गोष्टी सांगायला शिकतात. मग आजीशी फोनवर बोलताना अडत नाहीत. मी चांगलं शिकवते. जरूर या.' तिसरं वाक्य खोडलं, पुन्हा लिहिलं, डोळे मिटून पाठवलं. रविवारी बसायला बाकं पुरली नाहीत. जहाजावर इंजिनियर असलेले एक गृहस्थ सुट्टीवर आले होते, ते मुलीला घेऊन आले. वर्ग संपल्यावर तिने तिथूनच आजीला फोन लावला आणि अडखळत का होईना, सगळी गोष्ट मराठीत सांगितली. ते मला म्हणाले, "ताई, छान शिकवता हो."

"छे हो, कसलं काय," अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं आणि "थँक्यू" म्हटलं. हे तुम्हाला पाठवायचं तरी कुठे? पण एक सांगून टाकते, बाई. त्यांनी ते आणखी एकदा म्हणावं, जरा मोठ्याने, बाकीच्या पालकांना ऐकू जाईल असं, असं मला फार वाटत होतं.