त्रिशंकू आणि कुंभाराची पोर

आई, तुझं म्हणणं मला अजून पटलेलं नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः म्हातारी झाले, नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाले, तरी दुपारी आडवी झाले की तुझ्याशी भांडण सुरूच. आज ती जुनी कादंबरी पुन्हा हाती लागली आणि झालं, डोकं भणाणलं. म्हणून लिहायला बसले.

मोठ्या दुष्काळानंतरचे दिवस. सोलापुरातली आपली चाळीतली एक खोली, उंबऱ्यालगत तू मांडीवर सूप घेऊन बसलेली, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. मी मोठ्यानं वाचायचं आणि माझ्या वाटच्या बिड्या तू वळायच्या, असा आपला करार. शेजारच्या तेलुगू मावशी आपलं सूप घेऊन ऐकायला यायच्या. वाचनालयातून आणलेली ती कादंबरी होती एका कुंभाराच्या पोरीची. तिला वकील व्हायचं असतं. शहरात जाते तर तिथले तिच्या बोलण्याला हसतात, आणि गावाकडचे दार लावून घेतात. मला तेव्हा पुण्याला नर्सिंगला जागा मिळाली होती, आणि आत्यानं तिच्या मुलासाठी मला हेरून ठेवलं होतं. त्या पोरीचं जे होईल तेच माझं होणार, असं मी धरूनच चालले होते.

एका रविवारी आत्या आली ती सुपारी फोडूनच जायचं या तयारीनं. बाबा खाटेवर, ती त्यांच्याशेजारी. मी मुद्दामच वाचायला घेतलं, म्हटलं, पुढं चांगलं काही निघेल आणि आत्याची जिरेल. कसलं काय! पोरगी बापाच्या दारात उभी, आणि आतून कडी निघतच नाही.

"बघ की," आत्या म्हणाली. "लई शिकून काय उजेड पाडला?"

तू मान वर न करता म्हणालीस, "त्रिशंकू झाली बिचारी. ना वर, ना खाली."

आपल्या आईनंच असं म्हणावं? माझं टाळकंच फिरलं. "त्रिशंकू राजा होता, आई. पोट भरलेलं होतं त्याचं. जित्तेपणी स्वर्गात जायची हौस आली होती त्याला. हिला नुसतं शिकायचं हाय. आन् त्याला देवांनी ढकलल्यावर मधी धरायला विश्वामित्र तरी होता. हिला कोण हाय?" रागावले की मी तुझ्यासारखीच बोलायची.

तू बिडीला दोरा गुंडाळत राहिलीस. "इस्वामित्रानं काय मायेनं धरला व्हय? वसिष्ठानं न्हाय म्हटलं म्हणून इरंला पेटला आन् धाडला वर. त्या टांगलेल्याला काय वाटतंय, कुणी इचारलं का?"

आत्याला धीर नव्हता. "पुराण पुरं झालं. सुपारी कधी फोडायची ते बोला."

बाबांनी तुझ्याकडे पाहिलं. ते नेहमी तुझ्याकडेच पाहायचे, आणि आत्याला खुपायचं ते हेच. तू सूप खाली ठेवलंस, लुगड्यावरची तंबाखू झटकलीस.

"पोरगी पुण्याला जाईल."

"आन् लटकली म्हंजे?"

"लटकू द्या की, वन्सं. खाली पडू देणार न्हाय मी."

आत्या चहाला हात न लावता उठली. ती पुन्हा आपला उंबरा चढली नाही. बाबा मग राखीपौर्णिमेला दिवसभर घराबाहेर राहायचे.

आणि लटकले की गं मी! पुण्यात माझ्या 'न्हाय'ला मुली खिदळायच्या. सुट्टीत चाळीत आले की त्याच मावशी मला पाट देऊन वेगळं बसवायच्या, "बाईसाहेब आल्या" म्हणायच्या. तेव्हा कळलं, राजाचं आणि कुंभाराच्या पोरीचं टांगणं सारखंच. फरक एवढाच, त्याचं सगळ्या जगाला ठाऊक आहे आणि तिला कुणी विचारत नाही. मग मला भलताच संशय यायला लागला. तू मला माझ्यासाठी धाडलंस, की आत्याशी इरेला पेटून? सांगोल्याकडून लग्न होऊन आल्यापासून ती तुला 'मेंढरामागची' म्हणून हिणवायची, तू सोसलंस. त्या रविवारी तू जिंकलीस, आई. पण त्या टांगलेल्याची गोष्ट तूच सांगितलीस आणि मला काय वाटतंय ते तूसुद्धा विचारलं नाहीस. यावर काय म्हणशील तू? "गप बस" म्हणशील.

हे पत्र टाकायचं कुठं, ते मला माहीत नाही. कादंबरीतच ठेवून देईन. एक मात्र सांगून टाकते. एसटी स्टँडवर तू भाकरी आणि शेंगाची चटणी बांधलेलं फडकं माझ्या हातात कोंबलंस आणि म्हणालीस, "मागं बघू नगंस." सगळ्यांना वाटलं, पोरगी मोठी हिमतीची, वळूनसुद्धा पाहिलं नाही. आत जागा रिकामी होती, कंडक्टर खाली बस म्हणून ओरडत होता, तरी घंटी वाजेपर्यंत मी दारातच उभी होते. तू मागून "उतर" म्हणशील म्हणून.