सेल काढून द्यावा

मंगळवार, ९ मार्च

पोहोचले. गाडी वेळेवर, खोली स्वच्छ, खिडकी उघडते आणि गरम पाण्याचा नळ खरोखर गरम पाणी देतो. प्रवासात मला एवढं पुरतं.

घरमालकीण खालच्या मजल्यावर राहते. कोणाकडे आलात, म्हणून तिने विचारलं. संग्रहालय बघायला आले, असं सांगितल्यावर म्हणाली, ते कानांचं होय? अगं बाई, त्यासाठी कोणी एवढ्या लांबून येतं? मग स्वतःच हसली आणि म्हणाली, मी जन्मापासून इथे आहे, पण आत पाऊल टाकलेलं नाही.

बाबांना ही बाई आवडली असती. ते म्हणायचे, मोठ्या संग्रहालयात लोक हजेरी लावायला जातात. खरी मजा एकाच वस्तूचं वेड लागलेल्या माणसाच्या घरात. आम्ही दोघांनी मिळून बटणांचं पाहिलं, कुलपांचं पाहिलं आणि एक नुसत्या चाळण्यांचं पाहिलं. तिथल्या माणसाला बाबा म्हणाले होते, एवढ्या चाळण्या, तरी तुमच्या हातून काही निसटलं नाही बुवा! तो माणूस इतका खूश झाला की त्याने आम्हाला बंद कपाटंही उघडून दाखवली.

श्रवणयंत्रांचं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. तिथे माझे भाऊबंद भेटतील, असं बाबा म्हणायचे.

लोकांच्या कानांचे साचे घेणं, यंत्र बसवणं, तपासणं हे माझं रोजचं काम. पण घरात बाबा वर्षानुवर्षं मशीन लावायला तयार नव्हते. दादा म्हणायचा, दिव्याखाली अंधार. शेवटी एकदाचं लावलं, तर दादाचा उपदेश सुरू झाला की हळूच बंद करायचे आणि मान डोलवत बसायचे. दादाला अजून हे माहीत नाही.

बाबा नोव्हेंबरमध्ये गेले. त्यांचं मशीन माझ्या पर्समध्ये आहे. उगाच हळवं व्हायचं नाही, हे ठरवून आले आहे. संग्रहालय उद्या दहाला उघडतं.

बुधवार, १० मार्च

दुमजली घर, रस्त्याच्या वळणावर. खाली तीन खोल्या. पहिल्या खोलीत कानाला लावून ऐकायचे कर्णे: पत्र्याचे, शिंगाचे, एक घडीचा, एक काठीच्या मुठीत लपवलेला. एक भलीमोठी खुर्ची आहे, तिचे दोन्ही हात पोकळ. समोरच्याने त्यांच्या तोंडाशी वाकून बोलायचं, आवाज नळीतून बसलेल्याच्या कानापर्यंत जातो. म्हणजे ऐकू येत नाही हे मान्य करायचं नाही आणि समोरच्यालाच वाकायला लावायचं. बाबांनी ही खुर्ची घरी नेली असती.

दुसऱ्या खोलीत खिशात डबी ठेवून तिची वायर कानात घालायची ती जुनी यंत्रं. मग कानामागची.

तिसऱ्या खोलीत एकच लांब काचेचं कपाट. त्यात लोकांनी दिलेली यंत्रं आहेत, म्हणजे माणूस गेल्यावर घरच्यांनी आणून दिलेली. प्रत्येकाला त्याचा कानातला साचा जोडलेला आणि प्रत्येकाचं सेलचं झाकण उघडं. शेकडो उघडी झाकणं. पक्ष्यांच्या पिलांनी चोची उघडाव्यात तशी.

संग्रहालय सांभाळणाऱ्या बाई पूर्वी टेलिफोन ऑपरेटर होत्या. उजव्या कानाने त्यांना अजिबात ऐकू येत नाही. मला हाताला धरून डाव्या बाजूला उभं केलं आणि म्हणाल्या, जन्मभर लोकांचं चोरून ऐकलं, त्याची शिक्षा. कपाटाबद्दल म्हणाल्या, गेलेल्या माणसाचा चष्मा दुसऱ्याला देता येतो, शर्ट देता येतो. हा साचा कोणाला देणार? तो जगात एकाच कानात बसतो. टाकवत नाही, ठेववत नाही, मग लोक इथे आणतात.

कपाटावर पाटी आहे: यंत्र देताना सेल काढून द्यावा. मी म्हटलं, बरोबर आहे, सेल गळला की यंत्र गंजतं. त्या म्हणाल्या, तेही आहेच. आणि शिवाय, जो निघालाय त्याला मागच्या हाका ऐकू जाऊ नयेत. वळून बघतो बिचारा.

अशी समजूत असणाऱ्यांशी वाद घालू नये.

मी काय काम करते ते बोलण्यात निघालं. त्यांचे डोळे चमकले. पूर्वीच्या एका दुकानातून आलेली, यंत्रं तपासायची शांत पेटी माळ्यावर आहे, ती जरा बघाल का, म्हणाल्या. उद्या जाईन.

गुरुवार, ११ मार्च

शांत पेटी उत्तम आहे. बाहेरून लाकूड, आत जाड नमदा, झाकण घट्ट. यंत्र आत ठेवून झाकण लावलं की बाहेरचा आवाज त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि त्याची स्वतःची खरखर किती आहे ते कळतं. ऐकायला डॉक्टरांसारखी कानात घालायची नळी असते, ती पेटीच्या भोकातून यंत्राला जोडायची; माझ्याकडे ती असतेच. आवाज मोजायचं छोटं मीटरही असतं.

तपासायला चालू यंत्र हवं होतं. तिथलं एकही चालू नाही. मी बाबांचं काढलं. नवा सेल घेतला, त्यावरचा कागदी तुकडा ओढला. त्याने सेलला हवा लागते आणि तो जागा होतो. पुन्हा चिकटवला तरी झोपत नाही. नेहमीचं काम, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

हातात धरल्याबरोबर यंत्र शिट्टी वाजवू लागलं. मुठीत झाकलं गेलं की वाजतं. कानात साचा सैल बसला तरी वाजतं. नीट बसला की गप्प. बाबा घाईघाईने मशीन घालायचे, मग घरभर शिट्टी. ते स्वतःला कुकर म्हणायचे. चौथी शिट्टी झाली, उतरवा मला, म्हणायचे.

पेटीत ठेवलं. झाकण लावलं. नळी कानात घातली.

आधी खरखर, जेवढी असायला हवी तेवढी. मग वारा. मोकळ्यावरचा वारा. आणि त्याच्यामागे खूप लांबून एक शब्द.

काय?

बाबांचा आवाज. शंका नाही. मी तो शब्द आयुष्यभर ऐकला आहे आणि शेवटचाही तोच ऐकला.

हे कुठेच लिहिलेलं नाही, इथे लिहिते. हॉस्पिटलमध्ये त्यांचं मशीन, घड्याळ आणि चष्मा एका पिशवीत घालून बाजूला ठेवले होते. तिथला नियम होता. मला मास्क होता, त्यामुळे त्यांना माझे ओठ वाचता येत नव्हते. मी सगळं सांगितलं. मी इथेच आहे, तुम्ही एकटे नाही, घाबरू नका. एरवी मी असं बोलत नाही. ते माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले आणि त्यांनी विचारलं, काय? मी मास्क खाली ओढला. तेवढ्यात ते गेले.

पिशवी नंतर माझ्या हातात दिली.

मीटरवर छत्तीस डेसिबल.

शुक्रवार, १२ मार्च

सकाळी पुन्हा गेले. आधी कारणं शोधली. बाहेरून आवाज शिरतोय का ते पाहिलं: नाही. यंत्र स्वतःहून आवाज चढवत असेल म्हणून ती सोय बंद केली. सेल बदलला.

काय?

बेचाळीस.

सहा डेसिबल वाढले म्हणजे अंतर निम्मं झालं. पहिल्या वर्षाला शिकवतात. पण खोलीत हा नियम असा चोख लागू पडत नाही, भिंती आवाज परत फेकतात. तो मोकळ्यावर चालतो. जिथे भिंत नाही, झाड नाही, काही नाही.

बाबा तशा ठिकाणी आहेत आणि माझ्याकडे चालत येत आहेत.

मी पेटी उघडून यंत्राशी बोलले. बाबा, मी आहे. ऐकू जाणार नाही हे मला कळायला हवं होतं. ते ज्याने ऐकत, ते इथे माझ्या हातात आहे.

पुन्हा झाकण लावलं. आता आणखी शब्द येत होते. कोण आहे, म्हणून विचारत होते. जरा मोठ्याने बोला हो, मला कमी ऐकू येतं, असं कोणालातरी अगदी अदबीने सांगत होते. दुकानात सांगायचे तसं.

बाईंना मी सांगितलं, पेटीचं काम अजून बाकी आहे.

शनिवार, १३ मार्च

अठ्ठेचाळीस.

दुपारी दादाचा फोन. प्रवास करतेयस की पळतेयस, म्हणाला. मी म्हटलं, संग्रहालय बघतेय. तो म्हणाला, तू ना, स्वतःच एक संग्रहालय आहेस, सगळं काचेच्या आत, हात लावू नये. मग त्याचा आवाज बदलला. बाबा शेवटी काही म्हणाले का गं, असं त्याने पहिल्यांदाच विचारलं.

मी म्हटलं, नाही.

दादाला मी हे सांगू शकत नाही. आधी बाबांना उत्तर मिळू दे.

रविवार, १४ मार्च

बाई जिना चढून माळ्यावर आल्या. पेटी उघडी होती. सेल आत आहे हे त्यांनी पाहिलं.

ओरडल्या नाहीत. खाली बसल्या. काढ तो, म्हणाल्या. एकदम अगं-तुगंवर आल्या. काढ गं पोरी, अजून लांब आहेत तोवर काढ.

मी म्हटलं, मला त्यांना एकच वाक्य सांगायचं आहे.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या नवऱ्याच्या मशीनमध्ये त्यांनीही सेल ठेवला होता. तो आला. एवढ्या लांबून चालत आला, की वाटेत त्याचं सगळं गळून गेलं. नाव, चेहरा, बायको कोण, आपण निघालो कशाला. उरला फक्त प्रश्न. त्यांनी त्याच्याशेजारी बसून सगळं सांगितलं, मशीन कानात होतं, त्याला ऐकूही जात होतं. तरी तो काय, काय, एवढंच विचारत राहिला.

मी विचारलं, मग गेला कधी?

त्यांनी उजव्या कानाला बोट लावलं. म्हणाल्या, बहिरी कुठे झालेय मी? या बाजूला तो आहे. बाहेरचं काही आत येऊ देत नाही.

मी यंत्र पर्समध्ये टाकलं आणि निघाले. माझे बाबा तसे नाहीत. आवाज स्पष्ट आहे. अदबीने बोलतात.

सोमवार, १५ मार्च

शांत पेटी लागत नाही आता. खोलीत, टेबलावर, भर दुपारी. चौपन्न.

ठरवलं होतं, काढायचा सेल. बाई म्हणाल्या ते पटलं म्हणून नाही — बाबांना इतकं चालवणं बरं नाही म्हणून. पाय दुखायचे त्यांचे. झाकणाच्या फटीत नख घातलं. नळी कानातच होती.

शहाणे, अशी हाक आली.

मला घरात तेच म्हणायचे. अगं शहाणे, कुठे आहेस, इथे कोणीच नाही गं.

घाबरलेला आवाज. बाबांना मी कधी घाबरलेलं ऐकलं नव्हतं —

नख काढून घेतलं.

मंगळवार, १६ मार्च

साठ. आता शहाणे म्हणत नाहीत. काल एकदाच. कोण आहे, हेही विचारत नाहीत.

फक्त ‘काय?’

बाईंकडे गेले. दार लावलेलं. आतून मोठमोठ्याने बोलत होत्या, एकट्याच. सांगितलं ना रे, किती वेळा सांगू — असं काहीतरी.

परत आले. अजून वेळ आहे. एका नखाचं काम. ते तिथेच थांबतील, हाक ऐकू येणार नाही, पुढे जातील —

आणि त्यांचं शेवटचं ‘काय?’ तसंच राहील. कोणी उत्तर न दिलेलं.

मला जमत नाही.

बुधवार, १७ मार्च

मीटर बंद करून ठेवलं. नळीही. गरज नाही.

खुर्ची ओढून समोर ठेवली. यंत्र टेबलाच्या कडेला, त्यांचा हात पोहोचेल असं. खोलीचं दार उघडं आहे. बाहेर ऊन आहे. खाली घरमालकीण कपडे झटकतेय. सगळं नेहमीसारखं —

जिन्यावर पाय. एकेक पायरी, थांबत. दुखतात ना.

दारात कोणी दिसत नाही.

शिट्टी.

टेबलावर, आपोआप. मुठीत धरल्यावर वाजते तशी. वर उचललं गेलंय — मला दिसतंय — नीट बसत नाहीये, नेहमीसारखी घाई — बाबा, थांबा, सावकाश —

चौथी शिट्टी झाली, बाबा. हसा ना.

थांबली.

बसलं. एकाच कानात बसतं ते.

म्हणजे आता ऐकू येतंय. मास्क नाही. समोर आहे मी. बोलतेय, आणि लिहितेही आहे. बाबा, मी इथेच होते. तेव्हाही होते. तुम्ही एकटे नव्हतात. घाबरू नका. ऐकलंत ना? ऐकलंत?

खुर्ची करकरली. जवळ वाकले आहेत. खालचा आवाज येईनासा झाला — कपडे झटकतेय ती, खिडकीतून दिसतंय, आवाज नाही — उजव्या बाजूचं सगळं गेलं — फक्त वारा —

आणि अगदी कानाशी, अदबीने —