ते फूल तू कुठून आणलंस?

प्रिय आई,

पितृपक्ष चालू आहे आणि इथे बाहेर वसंत! उलट्या देशात सगळं उलटं, असं तू म्हणायचीस. पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. मार्चमध्ये तू एकटी कुठवर गेली होतीस ते मला परवा सापडलं. तेव्हापासून धड झोप नाही. सांगणार कुणाला? तुलाच सांगतो.

आठवतं? नॉर्थलंडच्या त्या जंगलाशी गाडी लावली आणि माझी ऑफिसची मीटिंग उपटली. "चल रे, जरा पाय मोकळे करू," तू म्हणालीस. "आई, दहाच मिनिटं," मी म्हणालो. ती दहा मिनिटं पाऊण तास चालली. तू गेलीस आणि पदरात काहीतरी धरून परत आलीस. काच वाजवलीस. मी फोन कानाला लावून बोट वर केलं, थांब म्हणून. स्वतःच्या आईला बोट!

ते काय होतं, हे घरी आल्यावर तुझ्या खोलीतल्या देव्हाऱ्यात पाहिलं. पान नाही, देठ नाही, हिरवा ठिपका नाही. मातकट रंगाचा, बोटं जुळवल्यासारखा झुबका. आणि वास! गोडसर, उबट, ट्रंकेतल्या जुन्या गोधडीसारखा. मी आठवडाभर खिडक्या उघडत फिरत होतो आणि तू म्हणत होतीस, "असू दे रे, विचारून आणलंय." कुणाला विचारून, हे मी काही विचारलं नाही.

जूनमध्ये तू गेलीस. तुझी खोली आवरून झाल्यावर गॅरेजमध्ये निर्माल्य निघालं, ब्रेडच्या पिशव्यांत गाठी मारून ठेवलेलं. आपल्या फ्लॅट बुश वस्तीच्या कचऱ्यात देवाची फुलं टाकायची नाहीत, हा तुझा हुकूम! वाळक्या झेंडूत ते फूल होतं, पार लाकूड झालेलं. तुझ्या नातीने, रेवाने, फोटो काढून जंगलाच्या नावासकट फुलं ओळखणाऱ्यांच्या ॲपवर टाकला. तासाभरात हाना नावाच्या माओरी बाईंचा निरोप आला. त्या तेच जंगल राखतात. लोक ओरबाडायला येतील, फोटो आधी काढून टाका म्हणाल्या, आणि मग फोनवर विचारलं, "व्हेअर डिड युअर मदर फाइंड इट?"

हे फूल म्हणे जमिनीखाली दुसऱ्या झाडाच्या मुळावर जगतं आणि वर येतं ते फक्त फुलायला. त्यांच्याकडे त्याला मेलेल्यांच्या लोकातलं फूल म्हणतात. इतक्या उत्तरेला ते उरलं असेल ही आशा हानांनी सोडली होती. उरलं असेल तर वर जाळी घालायला हवी, नाहीतर उन्हाळ्याअखेर पॉसमसारखे प्राणी आणि उंदीर कळ्या खाऊन टाकणार. जागा ठाऊक असलेली बाई एकच, आणि तिची राख आम्ही समुद्रात सोडलेली!

ते तोडायचं नसतं गं आई. देवासाठी तोडलं, असं मी हानांना घाबरतच सांगितलं. त्यांनी फक्त शनिवारी जंगलापाशी यायची वेळ सांगितली, आणि ते जास्त लागलं.

पहिल्या शनिवारी हाना, रेवा आणि मी दिवसभर पानं उकरत फिरलो. हाती काही नाही. परवा, दुसऱ्या शनिवारी, भर दुपारी रेवा एकदम थांबली. "बाबा, स्मेल्स लाइक आजी'ज रूम."

मलाही आला. हानांनाही आला, कारण त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. "नॉट नाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "नथिंग फ्लॉवर्स नाऊ." या दिवसांत फूल नसतं, आणि फुलाशिवाय तो वास नसतो. मग तो कशाचा होता? आम्ही त्याच्या मागे चालत राहिलो. पायवाट सुटली, पक्षी बोलायचे थांबले. रेवाने माझा हात घट्ट धरला होता, की मी तिचा, कोण जाणे. एका जुन्या झाडाशी वास तुटला, दिवा मालवावा तसा.

हाना गुडघ्यांवर बसल्या. पानं सारली तर खाली मुळाला धरून वेडीवाकडी गाठ होती, त्या फुलाचं जमिनीखालचं अंग. फूल नाही, कळी नाही. गाठीशेजारी मातीत रोवलेल्या दोन सुपाऱ्या होत्या, थोडं शेवाळ धरलेल्या.

एक मला लगेच कळली. झाडाकडून काही घ्यायचं तर आधी सुपारी ठेवून त्याला विचारायचं, ही तुझी रीत. ते हानांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. मग त्यांनी दुसरीकडे बोट दाखवलं. "अँड हू वॉज विथ हर?"

"नोबडी," मी म्हणालो.

आपल्या घराची वास्तुशांत आठवली. रेवाची आई हॉस्पिटलच्या ड्यूटीवर अडकली होती, तेव्हा तूच माझ्या शेजारच्या पाटावर सुपारी मांडली होतीस. माणूस हजर नसला की त्याच्या जागी सुपारी, म्हणाली होतीस. आई, मी दोनशे पावलांवर होतो! एक हाक मारायचीस, ओढून न्यायचंस. पण काच वाजवलीच होतीस तू.

हानांनी जाळी बसवली. जागा आम्ही तिघं कुणाला सांगणार नाही. माझी सुपारी उचलायला हात पुढे केला, पण उचलवेना. तिथेच आहे ती.

मार्चमध्ये फुलं वर आली की मी येतो. फोन घरी ठेवून येतो. माझ्या जागेवरची सुपारी उचलेन आणि तिथे मी स्वतः बसेन, तू म्हणशील तितका वेळ. तोवर तिथून हलू नकोस.

तुझा,
मंदार